जहाजाच्या कानाला खोबरेल

परत आल्यापासून गल्लीतल्या बायका एकच विचारतायत, "मुंबईला गेला होता न्हवं, समुद्र बघितला का?" नाही बाई. गेले होते नवी मुंबईला, राहिले खाडीच्या अंगाला, आणि कानावर पडलं ते सगळं जहाजांचं आणि समुद्राच्या पोटातलं. पण समुद्र काही दिसला नाही. पाणी म्हणून जे बघितलं, ते एका पत्र्याच्या शेडमधल्या टाकीतलं. त्या टाकीनं माझ्या डोक्याचा जो भुगा केला, तो अजून पुरता गोळा झालेला नाही. तरी सांगते, जमेल तसं.

मी इचलकरंजीची. शिवणक्लास चालवते. आमचे हे मागावर जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करायचे. हे गेले त्याला आता काही वर्षं झाली. मुलगी एकच, प्राजक्ता. ती इंजिनियर झाली आणि पावण्याच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात लागली. तिचं लग्न ठरलंय, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त आहे. आणि त्या लग्नावरून आमच्या मायलेकींत फोनवर रोज खडाजंगी. तिचं म्हणणं, "पहिली हळद तू लावायचीस." माझं म्हणणं, "तुझ्या काकू लावतील. मी मागं उभी राहीन."

आता हे मागं उभं राहणं मला कुणी शिकवलं नाही. आमच्याकडे कुणी तोंडावर काही बोलत नाही हो. बारशाला, डोहाळजेवणाला बायका ओळीनं बसलेल्या असतात, कुंकवाचा करंडा फिरत येतो, आणि माझ्यापाशी आला की अलगद पुढच्या बाईकडे जातो. बस्स, एवढंच. गंमत म्हणजे शिवणक्लासच्या पोरींना मी ठणकावून सांगते की असलं काही मानायचं नाही. आणि करंडा दिसला की माझाच हात पदराखाली जातो. यातली खरी मी कुठली, मला कळत नाही. पोटच्या पोरीच्या संसाराचा प्रश्न आला की धीर होत नाही, एवढं खरं.

नवरात्र संपलं तसा प्राजूचा फोन आला. "आई, माझ्या कामाची पहिली टेस्ट आहे. तू ये. भांडायला नको, बघायला ये." गेले.

वाशीहून पावण्याला

बसनं पहाटे वाशीला हायवेच्या कडेला उतरवलं. प्राजू न्यायला आली होती. रिक्षा एपीएमसी मार्केटच्या बाजूनं निघाली आणि कांद्याचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणीच. मी मनात म्हटलं, चला, माहेरवाशिणीसारखं रडून झालं. पुढं तुर्भ्याला ट्रकच ट्रक. रिक्षावाला हिंदीत बोलत होता, प्राजू हिंदी, मराठी, इंग्रजी एकाच वाक्यात घालून त्याला उत्तरं देत होती. सेक्टर अमुक, प्लॉट तमुक, गाळा नंबर अमका. पत्ता सांगतायत की गणित घालतायत, मला समजेना. आमच्याकडे पत्ता म्हणजे "मारुतीच्या देवळामागं, पिवळ्या दारात." इथं देवळालाही नंबर असावा.

पावणे गाव एमआयडीसीच्या मधोमध आहे. चहूकडून कारखान्यांच्या भिंती आणि मध्ये गाव, त्यात तीन-चार मजली घरं एकमेकींना खेटून. प्राजूची घरमालकीण हिराताई. आगरी बाई, माझ्याच वयाची, कपाळावर भलंमोठं कुंकू, गळ्यात ठसठशीत मंगळसूत्र, आवाज असा की मला लगेच आपलेपणा वाटला. एकेकाळी त्यांची इथं भातशेती होती. आता जमिनीच्या उरलेल्या तुकड्यावर त्यांनी गाळे बांधलेत, आणि प्राजूचा कारखाना त्यातल्याच एका गाळ्यात.

"यवा, बसा," त्या म्हणाल्या. "जेवाला मावरा चालतो ना तुमाला?"

मावरा म्हणजे मासळी, हे ताट समोर आल्यावर समजलं. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, इतकी मऊ की आमच्या ज्वारीच्या भाकरीला लाज वाटावी, आणि लालभडक कालवणात बोंबील. आम्ही मटणावर पोसलेली माणसं. हाड म्हणजे हाताला लागणारं, बाजूला काढून ठेवायचं. बोंबलाचा काटा खायचा की काढायचा? खावा तर घशाची भीती, काढावा तर निम्मा मासा काट्याबरोबर जातोय. हिराताई माझी कसरत बघून हसत सुटल्या.

"मी जेवतो सावकाश, तुम्ही घ्या," मी म्हटलं.

त्या चमकल्या. "जेवतो? बायमानूस तुमी, जेवतो कनाला?"

आमच्या भागात बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, हे त्यांना पटवता पटवता आमची दोस्ती झाली. दुपारी मला झोप लागेना. आमच्याकडे माग खडखडत असले की गाढ झोप, वीज गेली की सगळी गल्ली दचकून जागी. इथं कारखान्यांची नुसती हूंऽऽ अशी एकसुरी घरघर. त्यात झोपायचं कसं?

कारखान्यात

दुसऱ्या दिवशी प्राजूनं मला कारखान्यात नेलं. दारातच मोबाईल काढून घेतला. मालक साळवी सर, कोकणातले, नौदलातून निवृत्त झालेले. टेबलावर बुद्धाची छोटी मूर्ती आणि शेजारी चहाचे कप. कारखाना काय करतो, तर लढाऊ जहाजांच्या सोनार यंत्रणेचे सुटे भाग. हे वाक्य प्राजूनं मला आधी दहा वेळा सांगितलं होतं आणि दहाही वेळा मी "बरं" म्हटलं होतं.

"म्हणजे जहाजाखाली लावायचा कॅमेरा, न्हवं?" मी विचारलं.

"काकू, जरा हळू बोललात तरी ऐकू येतं," साळवी सर हसून म्हणाले. मागांच्या गावची माणसं ओरडूनच बोलतात, काय करणार! "कॅमेरा नाही. पाण्यात खाली काळोख. उजेड थोडा खाली जातो आणि संपतो. आवाज मात्र पार लांब जातो. म्हणून जहाजाला डोळा नाही, कान लावायचा."

मग त्यांनी चहाची बशी टेबलावर पालथी घातली. "हे समजा जहाजाच्या नाकाखाली, तळाला. हा बाहेरचा डोम. त्याच्या आत एक ढोल. ढोलाभोवती अशा उभ्या पट्ट्या बसवतात, खेटून, गोल. ही पट्टी आम्ही बनवतो."

कोपऱ्यात ती पट्टी उभी होती. माझ्या खांद्याला लागेल एवढी उंच, लोखंडी चौकट आणि त्यात एकाखाली एक काळे रबरी चौकोन. दिसायला काही म्हणजे काही नाही.

"रबराच्या मागे सिरॅमिकच्या चकत्या आहेत," प्राजू सांगायला लागली. "वीज दिली की त्या फुगतात आणि आकसतात. डोळ्याला दिसणार नाही इतकंच. पण तेवढ्यानं पाणी ढकललं जातं आणि आवाज निघतो. तो लांब कुठं आपटला की परत येतो, ह्याच चकत्यांना दाबतो, आणि त्या दाबानं उलट वीज तयार होते. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं."

"म्हणजे ओरडणारीही हीच आणि ऐकणारीही हीच?"

"हो."

"एकाच वेळी?"

"नाही," सर म्हणाले. "ओरडायचं, मग गप बसून ऐकायचं. मध्ये एक स्विच असतो. ओरडताना तो ऐकायची बाजू तोडून टाकतो. नाहीतर स्वतःच्याच आवाजानं आतली नाजूक सर्किटं जळून जातील."

"तेवढा स्विच आमच्या जाऊबाईंना बसवून मिळेल का?" मी विचारलं. सर इतके हसले की चहा सांडला.

पण माझे प्रश्न काही संपेनात. ढोल फिरत नाही, मग आवाज एका दिशेला जातो कसा? तर म्हणे एका पट्टीला विजेचा झटका किंचित आधी द्यायचा, शेजारणीला किंचित नंतर, तिच्या शेजारणीला आणखी नंतर. तेवढ्या मागंपुढं होण्यानं आवाज हवा तिकडं वळतो. ऐकतानाही तसंच. हे मी तीनदा ऐकलं. तिन्ही वेळा मान हलवली. कळलं नाही.

आणि तो डोम? त्याच्या आत पाणी भरलेलं असतं! मी म्हटलं, "जहाजात पाणी शिरू नये म्हणून लोक आयुष्य घालवतात, आणि तुम्ही हातानं भरता?"

"भरावंच लागतं, काकू. जहाज पळतं तेव्हा बाहेरच्या पाण्याचा खळखळाट होतो. डोमच्या आत पाणी शांत राहतं. आणि आवाजाला पाण्यातून पाण्यात जायला काही त्रास नाही. मध्ये हवा आली की संपलं. हवेचा नुसता पापुद्रा आला तरी आवाजाला ती भिंत."

वर त्यांनी आणखी सांगितलं. उन्हानं वरचं पाणी तापतं, खालचं गार राहतं, तिथं आवाज सरळ न जाता वाकतो. त्या वाकणाखाली पाणबुडी लपली तर जहाजाला पत्ता लागत नाही. मागच्या बाजूला स्वतःच्याच पंख्याचा गोंगाट, म्हणून पाठीमागचं जवळजवळ ऐकूच येत नाही. आणि ओरडलं की शत्रूलाही आपला ठिकाणा कळतो, म्हणून बऱ्याचदा नुसतं गप राहून ऐकायचं. एवढ्या सगळ्या कपाटभर यंत्रांच्या शेवटी पडद्यासमोर एक माणूस बसतो, आणि हा खडक, ही माशांची झुंड, ही पाणबुडी, हे ठरवतो. साळवी सर नौदलात तेच करायचे. किती लांबचं ऐकू येतं असं मी विचारल्यावर मात्र ते म्हणाले, "आकडे सोडून काहीही विचारा, काकू."

मला वाटतं, आकडे सांगितले असते तरी फरक पडला नसता. डोकं गरगरत होतं. पण पोर हे सगळं बोलताना अशी काही फुलली होती की माझा ऊर भरून आला. ती पट्टी तिच्या आखणीची पहिलीच. टाकीत तपासून घ्यायची, आणि मग त्याच्या दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक कंपनीचे साहेब येऊन स्वतः बघणार.

टाकी

टेस्टच्या सकाळी हिराताई नारळ, कुंकू, समई आणि समईत घालायला खोबरेलाची बाटली घेऊन हजर. त्यांच्या गाळ्यातून नवी वस्तू बाहेर पडायची तर पूजा झालीच पाहिजे, हा त्यांचा रिवाज. एरवी लाकडी पेटीवर कुंकू लावतात म्हणे. या वेळी पेटी सुताराकडून आलीच नव्हती. पट्टी सकाळी साबणाच्या पाण्यानं धुऊन साखळीला टांगून तयार होती.

साळवी सर म्हणाले, "मी यात नसतो. पण कामगारांना करायचं असेल तर करा." आणि फोन आला म्हणून बाहेर गेले. प्राजू काचेच्या खोलीत कॉम्प्युटरपुढं. कामगार हात जोडून उभे. हिराताईंनी कुंकवाचा करंडा उघडला आणि सरळ माझ्यापुढं धरला.

"तुमी लावा."

माझा हात गेलाच पदराखाली. "मी नको. तुम्ही लावा."

"कनाला? पोर कोनाची? तुमचे पोरीचा काम हाय, तुमीच लावाला पायजे."

कशी पुढं झाले, देव जाणे. कुंकू लावलं तर रबरावर ठरेना, भुरूभुरू खाली पडायचं. मग हिराताईंनी माझ्या तळहातावर खोबरेल ओतलं. मी ते पट्टीला वरपासून खालपर्यंत चोळलं, लेकराला न्हाऊ घालण्याआधी चोळतात तसं, आणि त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. किती वर्षांनी माझं बोट लाल झालं होतं! खोटं कशाला बोलू, मला रडूच आलं.

प्राजू बाहेर आली, बघितलं, हसली. "अगं आई, टाकीचं पाणी लाल होईल," म्हणत तिनं कोरड्या फडक्यानं स्वस्तिक पुसलं. चर्र झालं जरा. पण काळं रबर असं छान चकाकत होतं की मी म्हटलं, असू दे. घंटा वाजली, साखळी खडखडली आणि पट्टी पाण्यात गेली.

टाकीत एका बाजूला पट्टी, समोरच्या बाजूला पेनाएवढा छोटा कान, पट्टीचा आवाज मोजायला. प्राजूनं बटण दाबलं. पडद्यावर रेघ उमटायला लागली. ती नीट वर चढायला हवी होती म्हणे. ती मध्येच खचली, पुन्हा उठली, पुन्हा खचली. प्राजूचं तोंड उतरलं.

मग जी धावपळ झाली! आधी केबल बघितली. मग वीज वाढवून देणारं कपाट उघडलं. मग पाण्यातला तो छोटा कान बदलला. पट्टी वर काढून चकत्यांची तारेनं तपासणी केली, त्या ठणठणीत. जुनी, सरावाची एक पट्टी टाकीत सोडली तर रेघ सरळ. म्हणजे टाकी चांगली, यंत्रं चांगली, दोष नव्या पट्टीतच. पुन्हा ती सोडली, पुन्हा रेघ खचलेली. टांगलेल्या पट्टीवर पाण्याचे थेंब मोत्यासारखे टपोरे उभे होते, आणि प्राजू त्यांच्याकडे बघत नखं खात होती.

"उद्या साहेब येणार, सर. ही नापास झाली तर हिच्या मागोमाग जोडत आणलेल्या सगळ्या पट्ट्या परत उघडाव्या लागतील."

"टेन्शन घेऊ नको. सापडेल," सर म्हणाले, पण त्यांचाही आवाज बसला होता.

मी भिंतीशी स्टुलावर बसले होते. हिराताई गप्प होत्या. सकाळपासून बडबडणारी बाई गप्प. माझ्या मनात एकच. हिला आता पश्चात्ताप होतोय. का सांगितलं या बाईला, असं वाटतंय हिला. कामगारांपैकी कुणी माझ्याकडे बघितलं तरी मला तेच वाटे. कुणी काही बोललं नव्हतं हो! पण करंडा पुढं जातो तेव्हाही कुणी बोलत नाहीच की. अरे, मी मानत नाही ना असलं? मग का मी हात पदराखाली घेऊन बसलेय? आणि मानत असेन, तर मग कुठल्या तोंडानं हात लावला? डोक्यात नुसता गुंता. जेवणाचे डबे तसेच राहिले.

शेवटी मी उठले आणि प्राजूला टाकीच्या कडेला गाठलं. "मी जातो बाळ. संध्याकाळची गाडी बघ मला."

"का? आत्ता?"

"तू तुझं काम बघ. आणि हळदीचा विषय आता बंद. काकू लावतील. मी सांगत होतो तुला, माझा हात शुभकामाला नको. बघितलंस ना आज? मी कुंकू लावलं आणि तुझ्या कामाचं वाटोळं झालं."

"आई, काहीतरीच काय! कुंकवानं काय होतंय? मी तर ते पुसलं पण."

"कुंकू पुसलंस. माझा हात कुठं पुसला गेला? अख्ख्या पट्टीला वरून खालपर्यंत तेल चोळलं होतं मी या हातानं..."

"तेल?" प्राजू ओरडली. "कुठलं तेल?"

"खोबरेल. कुंकू ठरत नव्हतं म्हणून."

मग पळत जाऊन तिनं पट्टीवरून बोट फिरवलं. "सर! तेल! पट्टीला तेल लागलंय! पाणी धरतच नाहीये ती!"

साळवी सरांनी कपाळावर हात मारला. पट्टी पाण्यात सोडण्याआधी साबणाच्या पाण्यानं धुतात ते स्वच्छतेसाठी नव्हे, हे मला तेव्हा समजलं. रबराला पाणी गच्च चिकटावं म्हणून धुतात. तेलकट रबराला पाणी चिकटत नाही, हवेचे बारीक बुडबुडे धरून बसतात. आणि हवा म्हणजे आवाजाला भिंत, हे तर सरांनी मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. मी मान हलवली होती.

साबण

कामगारांनी पट्टी घासूनपुसून धुतली, पुन्हा सोडली. रेघ चढली, एकदाही खचली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्राजू माझ्या गळ्यात पडली. "बघितलंस? तेल होतं!"

मी बघितलं होतं. पण माझ्या डोक्यातून किडा जाईना, आणि तो तोंडातून बाहेर पडला. "तेल धुतलंत तसा माझा हातही धुतलात की. कशानं नीट झाली, कुणाला ठाऊक?"

"आई!" प्राजू चिडली. आता काहीतरी टाकून बोलणार असं वाटलं. पण ती थांबली. डोकं खाजवलं. मग तिच्या सरांकडे वळून म्हणाली, "बरोबर बोलतेय ती. आपण दोन गोष्टी एकदम काढल्या. कारण कुठलं होतं, हे काही सिद्ध झालं नाही."

"मग वेगळ्या करा," सर म्हणाले. "जुनी पट्टी आहे की."

मला वाटलं, थट्टा चाललीय माझी. पण नाही. प्राजूनं जुनी पट्टी धुऊन टाकीत सोडली, रेघ काढली, सरळ आली. मग पट्टी वर घेतली आणि खोबरेलाची बाटली हिराताईंच्या हातात दिली. "आता तुम्ही लावा, मावशी. सकाळी आईनं लावलं होतं तसंच."

हिराताईंना एका क्षणात सगळं उमगलं. माझ्याकडे बघितलं त्यांनी, मग म्हणाल्या, "येवऱ्यासाठी तुमी तोंड पारून बसल्या व्हत्या? मना वाटला, तेलाची बाटली मी दिली म्हनून माजेवर रागावल्या!"

म्हणजे त्या गप्प होत्या त्या यासाठी! मी काय समजून बसले होते, आणि ही बाई काय समजून बसली होती. त्यांनी बाह्या सरसावल्या, हातभर हिरव्या बांगड्या खळखळल्या, आणि पट्टीला चांगलं दाबून तेल चोळलं. पट्टी पाण्यात गेली. प्राजूनं बटण दाबलं.

रेघ खचली. अगदी सकाळसारखी.

हिराताई पडद्यापाशी गेल्या, वाकून बघितलं, मग माझ्याकडे वळून ठसक्यात म्हणाल्या, "माजे कपालावर येवरा मोठा कुकू हाय, नवरा घरात घोरतंय, तरी रेघ खाली गेलीच ना! आता बोला!"

मला हसू फुटलं आणि त्याच्याच पाठोपाठ हुंदका. दोन्ही एकदम येतात तेव्हा माणसानं काय करायचं असतं?

"अजून झालं नाही," प्राजू म्हणाली. तिनं साबणाच्या पाण्याची बादली माझ्यापुढं आणून ठेवली. "आता धू. तू. हातमोजे नाही घालायचे. ब्रश नाही. नुसत्या हातानं, सगळीकडं हात लागला पाहिजे."

मी पदर खोचला. एकेक काळा चौकोन तळहातानं धुतला. कडा, कोपरे, खाचा, काही म्हणून सोडलं नाही. पाणी आधी थेंब थेंब पळत होतं, मग हळूहळू पसरायला लागलं, आणि शेवटी सगळ्या पट्टीवर एकसारखं चिकटून बसलं. प्राजू शेजारी उभी राहून बघत होती. साखळी खडखडली. मला पडद्याकडे बघवेना, मी टाकीकडेच बघत राहिले.

"आई, बघ ना," ती म्हणाली.

रेघ सरळ वर गेली होती.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. त्यांच्या समोरची टेस्ट होती, म्हणून मला गाळ्याच्या बाहेरच थांबावं लागलं. पण पट्टी पाण्यात जाण्याआधी साळवी सर दारात येऊन म्हणाले, "काकू, आधी साबण लावून द्या आणि मग बसा बाहेर." मी लावून दिला आणि बाहेर हिराताईंच्या शेजारी सुकट निवडत बसले. दुपारी प्राजू बाहेर आली ती दोन्ही हात वर करूनच. पास!

एवढं सगळं बघून आले, तरी तो आवाज ढोल न फिरवता वळतो कसा, हे मला कुणी विचारू नका. घरी पोचल्यावर पाय धुतले आणि जाऊबाईंना फोन लावला. म्हटलं, हळदीच्या दिवशी पहिली वाटी माझ्या हातात द्यायची.

जाऊबाई म्हणाल्या, "अगं, पण आपल्यात असं चालतं का? उद्या पोरीला काही झालं म्हणजे?"

"काही होत नाही," मी म्हटलं. "बघून आलोय मी."